विहीर बुजवायची गाडी

गाडी घ्यायची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बैलगाडी येते. मला हवी होती ती हातानं ढकलायची, एका चाकाची, माती-मुरूम-दगड वाहून नेणारी गाडी, आणि तिच्यासाठी मी नवऱ्याचं डोकं दोन महिने खाल्लं. लुगडं मागितलं असतं तर इतकं खावं लागलं नसतं.

आम्ही तेव्हा भांडगावात राहत होतो. शेर-मण जाऊन किलो नुकते आले होते. दुकानदार किलोनं मोजायचा आणि शेरात बोलायचा. नवरा कासुर्डीच्या शाळेत मास्तर. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून घरात मीही मास्तरच म्हणायचे. सकाळी सायकलवर टांग टाकली की दिवेलागणीलाच परत. घरात मी, माझी दोन वर्षांची लेक आणि सासू. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणायची रीत. घराच्या मागं परसू, परसात चार शेवग्याची झाडं, जनावरांच्या जुन्या गोठ्याची पडकी भिंत आणि मधोमध ती विहीर.

विहीर पाच पुरुष खोल. एका बाजूचा कठडा ढासळलेला, पायऱ्या गेलेल्या. तळाला पाणी होतं, पण ते कुणी काढत नसे. रहाट कुणीतरी केव्हाच उतरवून ठेवला होता. काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरांचे. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया. त्यांना वेळच्या वेळी हिरवी बांगडी आणि दहीभात दिला नाही तर त्या माणूस ओढून नेतात, असं आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. लग्न होऊन आले त्या पहिल्या महिन्यातच मास्तरांनी मला एका वाक्यात सांगून टाकलं होतं, ‘माझी थोरली बहीण त्या विहिरीत गेली. अकरा वर्षांची होती. घरात त्यावर बोलायचं नाही.’ त्यावेळी मास्तर पाच वर्षांचे होते.

त्यावर बोलत कुणीच नसे. पण आत्याबाई रोज दुपारी विहिरीवर जाऊन बसत. सूर्य डोक्यावर आला की हातातलं काम टाकायच्या, पदर डोक्यावरून घ्यायच्या आणि कठड्याच्या धड भागावर जाऊन बसायच्या. मान एका बाजूला कललेली, कान पाण्याकडे. सावली पायाखालून थोडी सरकली की उठायच्या, हातपाय धुवायच्या आणि ‘वाढ गं’ म्हणायच्या. एरवी बाई कशी होती म्हणाल, तर शेजारणीची म्हैस आटली तरी आपल्या घरचं दूध पोचवणारी, आणि माझ्या भाकरीला नाव ठेवताना ‘माहेरी कुनी शिकवलंच न्हाई’ एवढ्यावर थांबणारी. पण त्या घटकेला ती आमची नसायची. एकदा नवी असताना मी जेवायला बोलवायला तिथं गेले, तर तिनं माझ्याकडे न बघता नुसता हात वर केला. गप, असा. मी गप झाले. परसात वारा नव्हता. शेवग्याची एक शेंग हलत नव्हती. मला वाटलं, बाई काय ऐकतेय ते मलाही आता ऐकू येईल, आणि मी तिथून घरात पळाले ते उंबऱ्याला ठेच लागेपर्यंत.

याचीही सवय होते. सवय कशाचीही होते.

सवय मोडली ती लेकीमुळे. पोरगी चालायला लागली तशी आजीच्या मागं फिरायला लागली. एका दुपारी मी कपडे वाळत घालून वळले तर कठड्यावर आत्याबाई बसलेल्या आणि पलीकडे, कठडा ढासळला होता तिथं, अगदी कडेला, माझी पोरगी बसलेली. पाय आत सोडलेले. मान आजीसारखीच कललेली, त्याच बाजूला, तेवढीच. मला हाक मारायचीही भीती वाटली, दचकून तोल जाईल म्हणून. मी मागून हळूहळू गेले आणि ‘बाळा’ म्हणाले. तिनं मागं वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ‘शू,’ म्हणाली. आणि पुन्हा पाण्याकडे कान लावला.

मी तिला उचलून कडेवर घेतली. आत्याबाईंना मात्र नात तिथं आहे याचा पत्ताच नव्हता. त्या दिवशी मी ठरवलं, ही विहीर राहील नाहीतर माझी पोर राहील. मधलं काही नाही.

मास्तर म्हणाले कुंपण घालू. मी म्हटलं, दोन वर्षांच्या पोराला कुंपण म्हणजे खेळ. मग म्हणाले, आईला विचारतो. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, सुपातला एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाल्या, ‘बुजवा की. तुमचं घर, तुमची हीर. फकस्त दुपारचं मला बसू द्या.’ म्हणजे दुपारी ती बसलेली असेल तोवर काम बंद. मास्तरांनी शब्द दिला.

मुरूम आयता होता. हमरस्त्याच्या कामासाठी आणलेल्या मुरमाचा मोठा ढीग आमच्या परसाच्या पलीकडे उरला होता आणि काम बघणारा मुकादम ‘न्या तिकडं’ म्हणून मोकळा झाला होता. दगड पडक्या गोठ्याचे. अडलं ते वाहतुकीला. गावातल्या एका बागायतदार आप्पांकडे दोन बैलजोड्या होत्या. मास्तरांचा शब्द ते कधी खाली पडू द्यायचे नाहीत. पण विहिरीचं नाव काढल्यावर त्यांनी कानाला हात लावला. ‘मास्तर, शेणखत न्या, लाकडं न्या, गाडी तुमचीच हाय. पन आसरांच्या जाग्यावर दगूड टाकायला मी बैल जुंपनार न्हाई. पाप तुमचं आन् भोगायचं मुक्या जनावरांनी व्हय?’ मजुरांनीही तेच सांगितलं, फक्त जरा लाजत. हिरीत भर टाकणारा हात आपल्या घरचा असावा, परक्याचा नसावा, असा गावचा कायदा.

मग राहिली हातगाडी. मास्तर एका रविवारी दौंडला जाऊन आले. तिथं कुणा ठेकेदाराची लोखंडी एकचाकी विकाऊ होती. परत येऊन म्हणाले, ‘तळाला बोट घातलं तर पलीकडे निघालं. जेवढी वाहील तेवढी वाटेत सांडील.’ पुढं मी बाळाला घेऊन शिरूरला माहेरी गेले होते तेव्हा ते मला न्यायला आले, आणि आम्ही घोडनदीचा, म्हणजे शिरूरचाच, सगळा बाजार गाडीसाठी पालथा घातला. मार्केटातल्या हमालांच्या दोन चाकी गाड्या बघितल्या. पोत्यांना झकास. पण त्यांना बाजूच्या फळ्या नाहीत, मुरूम राहणार कसा? आणि गोठ्याच्या नि घराच्या मधला आमचा बोळ एवढासा, त्यातून दोन चाकं गेलीच नसती. रंगवलेली एक गाडी मला फार आवडली, हिरवी, दांड्यांना लाल पट्टे. मी तिच्यावर हात फिरवत होते तर मास्तर म्हणाले, ‘मिरवणुकीला न्यायचीय का?’

शेवटी गेलो चाचांकडे. चाचा नदीच्या वाटेवर पत्र्याच्या छपराखाली चाकं करायचे. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम; आमच्या भागातल्या निम्म्या बैलगाड्या त्यांच्या आज्यानं नाहीतर बापानं केलेल्या. मला त्यांनी परकरात बघितलेली. म्हणाले, ‘ये पोरी. मास्तर, बसा. काय व्हायाचंय गाडीतनं?’

‘माती. मुरूम. थोडे दगड,’ मी म्हटलं.

‘थोडं म्हंजी किती? मानूस इकत घेताना थोडं म्हनतंय आन् वाहताना डोंगर घालतंय.’

छपराखाली तीन गाड्या होत्या. मी पहिलीच्या दांड्या धरून जरा ढकलून पाहिली. लोण्यासारखी पळाली. चाचा हसले. ‘रिकामी गाडी कुनी बी पसंत करंल. रिकामी समद्याच गोड बोलत्यात.’ त्यांनी तिच्यात दगड भरायला लावले, चांगले गच्च, आणि म्हणाले, आता ढकल. मास्तरांनी ढकलली. दहा पावलांवर चाक डावीकडे ओढायला लागलं आणि तुंबा, म्हणजे चाकाच्या मधला ओंडा, कण्हल्यासारखा वाजला. ‘ऐका,’ चाचा म्हणाले, ‘सागाचा हाय, दिसायला देखना. पन बाभळीचा पायजे. चाक बाभळीचं, पेटी लिंबाची, धाव लोखंडाची.’ धाव म्हणजे चाकावरची पट्टी. ती आदल्या दिवशीच त्यांनी एका चाकावर चढवलेली होती. शेणी पेटवून लाल केलेली पट्टी चाकावर बसवून वरून पाणी ओततात, मग ती आवळते ती मरेपर्यंत सुटत नाही. ते चाक त्यांनी आम्हाला बोटांनी वाजवून दाखवलं. आवाज टणक होता, कुठेही भेग नसलेला.

‘आता सांगा,’ चाचा म्हणाले, ‘वतायचं कुठं? जमिनीवर का खड्ड्यात?’

‘खड्ड्यात,’ मी म्हटलं.

‘केवढा खड्डा?’

‘पाच पुरुष,’ मास्तर म्हणाले. त्यांना खोटं कधी बोलताच आलं नाही. तो गुण आमच्या घरात माझ्याकडे होता.

चाचांनी हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. ‘हीर हाय म्हना की.’ मग त्यांनी विचारलं, ‘पानी हाय?’

‘हाय,’ मी म्हटलं.

‘कुनी गेलंय तिच्यात?’

मास्तर नदीकडे बघायला लागले. चाचांनी पुन्हा विचारलं नाही. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, दुवा असेल, आणि मग कामाच्या आवाजात बोलले, ‘जमिनीवर वतायची गाडी येगळी, हिरीत वतायची येगळी. हिरीच्या तोंडाशी दांड्या उचलल्या की भार पुढं धावतो. भरली गाडी मानसाला संगं घेऊन जाती. काठाला जाड ओंडा आडवा टाका, चाक त्याला अडलं पायजे. आन् दांड्या ज्याच्या मापाच्या त्यानंच ढकलायची. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. आता बोला, ढकलनार कोन?’

हा प्रश्न त्यांनी साधाच विचारला होता. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मास्तर दिवसभर कासुर्डीला. सकाळी तासभर आणि रविवारी ते करतील, बाकी गाडी मीच ढकलणार हे आमचं घरात ठरलेलं. पण छपराच्या कडेला माझ्या माहेरच्या आळीतल्या दोघी बायका पोळपाट तासून घ्यायला आलेल्या होत्या, आणि त्यांचे कान आमच्याकडेच होते. मी ‘मी’ म्हटलं असतं तर दिवे लागायच्या आत अख्ख्या शिरूरला कळलं असतं की मास्तरणीला सासरी दगड वाहायला लावतात. माझ्या आईनं ते कसं सोसलं असतं? माहेरच्या गावात सासरची लाज राखायची असते, मग ती सासरच्यांनी मागितलेली असो वा नसो.

‘हे ढकलनार,’ मी म्हटलं.

चाचांनी मास्तरांना उभं केलं, हात मोकळे सोडायला सांगितले आणि मुठीपासून जमिनीपर्यंत सुतळी धरून गाठ मारली. मास्तर ताडमाड. आमच्या दारातून कमरेत वाकल्याशिवाय त्यांना आत येता यायचं नाही. मी त्यांच्या खांद्यापर्यंतसुद्धा जेमतेम. चाचांनी गाठ मारताना माझ्याकडे पाहिलं, मी नजर चुकवली.

आठ दिवसांनी एका ओळखीच्या ट्रकवर गाडी चौफुल्यापर्यंत आली. तिथून मास्तरांनी ती ढकलत आणली. गाडी नामी होती. मी आजवर विकत घेतलेल्या वस्तूंमध्ये तिच्याइतकी मजबूत दुसरी नाही. फक्त दांड्या माझ्या मुठीला यायच्या त्या कमरेला आल्या. हात कोपरात वाकवून, खांदे वर घेऊन ढकलावी लागे. मास्तर म्हणाले, ‘चार बोटं कमी करून आणू का?’ आणू म्हटलं असतं तर खोटं बोलले हे चाचांना कळलं असतं. मी म्हटलं, ‘काय नडलंय? मी काय ठेंगणी आहे?’

विहिरीला ओटी भरली. हिरवा खण, बांगड्या, दहीभात. आत्याबाईंनी स्वतः भरली आणि सात दगड उचलून शेवग्याखाली नेऊन मांडले. काठावर ओंडा टाकला. आणि कामाला सुरुवात झाली.

पहिल्या दिवशी मुरूम पडला की खालून पाण्याचा धबाका ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी तो थांबला. मी आत वाकून बघितलं. पाणी तिथंच होतं, तेवढंच खाली, काळं, सपाट, आणि त्यात माझं डोकं. दिवसाला वीस-वीस गाड्या आम्ही टाकत होतो, मग तो मुरूम जात कुठं होता? मास्तर म्हणाले, तळाला चिखल आहे, दबतोय. असेल. त्यांच्याकडे शाळेत शिकवायला विज्ञान होतं. पण ते दिवसा तिथं नसायचे. एकदा गाडी ओतल्यावर बऱ्याच वेळानं, मी पार ढिगापर्यंत परत गेल्यावर, विहिरीतून दुसरा आवाज आला. पहिला आवाज मुरमाचा होता. दुसरा कशाचा, ते मला आजही सांगता येणार नाही. दगड सुटून पडला असेल. आणि हे तर मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण काही खेपांना रिकामी गाडी परत आणताना मला भरलेल्या गाडीपेक्षा जड लागायची. चाकाला एरंडेल होतं, वाट सपाट होती. तरी मी थांबून पेटीत बघायची. पेटीत काही नसायचं.

दुपारी मी थांबायची. आत्याबाई येऊन बसायच्या. आता त्यांच्या पायाशी मुरमाची धूळ असायची, पण मान तशीच. मी पोरीला घरात कोंडून दाराला कडी घालायची, आणि पोरगी आतून दाराला कान लावून उभी राहायची. विहिरीच्या बाजूच्या दाराला. रडायची नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

बाराव्या की तेराव्या दिवशी सकाळी मी ढिगावर पेटी भरत होते. घराचं दार मीच लोटून आले होते, कडी घालायची राहिली होती. मान वर केली तर पोरगी ओंड्यावर पोटावर झोपलेली, अर्धी आत, दोन्ही पाय हवेत. खोरं टाकून मी धावले. तिचा पाय माझ्या हातात आला तेव्हा ती पुढं सरकतच होती. मी तिला दोन धपाटे घातले, मग छातीशी धरून स्वतःच रडले. आणि मग मला भयंकर राग आला. विहिरीचा, मास्तरांच्या शब्दाचा, रोज दुपारी काम थांबवणाऱ्या त्या म्हातारीचा. रोजचा अर्धा-पाऊण तास असा वाया जात होता. पोरीला दूध पाजून मी पाळण्यात निजवलं, दाराला बाहेरून कडी घातली, ती दोनदा ओढून बघितली, आणि ठरवलं, आज दुपारी थांबायचं नाही.

ऊन डोक्यावर आलं. आत्याबाई येऊन बसल्या. मी गाडी दगडांनी भरली, नेहमीपेक्षा जास्त, रागानं, आणि घेऊन गेले. त्यांनी हात वर केला. मी बघितलं नाही. पुढची खेप नेली. पुन्हा हात वर झाला. मी मुद्दाम दाणदाण ओतली. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात वर केला नाही, नुसते डोळे मिटून घेतले.

त्या खेपेला दगड पेटीत अडकले. दांड्या उचलल्या तरी ओतेनात. मी आणखी उचलल्या, पार खांद्यापर्यंत. टाचा वर केल्या. मास्तरांच्या हाताला ते सोपं गेलं असतं. मग सगळे दगड एकदम पुढं धावले, ओंड्याच्या खालची माती सुटली, ओंडा फिरला आणि चाक त्याच्यावरून पलीकडे गेलं. दांड्या ताडकन वर उडाल्या. माझा खोचलेला पदर एका दांडीत अडकला होता. माझे पाय जमिनीवरून सुटले, आणि मला खाली पाणी दिसलं, ते नेहमी दिसायचं त्याच्यापेक्षा कितीतरी जवळ.

‘आत्याबाई!’

एकदाच ओरडले. दुसऱ्यांदा ओरडायला श्वासच नव्हता.

विहिरीच्या पलीकडच्या काठावर बसलेली ती साठीची बाई माझ्यापर्यंत कशी आली ते मी पाहिलं नाही. माझा बुचडा कुणीतरी मुठीत धरला आणि मला मागं ओढलं, इतक्या जोरात की मान मोडते की काय वाटलं. पदर टर्रकन फाटला. गाडी गेली. भिंतीवर दोनदा आपटत गेली आणि मग पाण्याचा मोठा आवाज झाला. आम्ही दोघी मुरमात पडलो होतो. तिनं माझे केस सोडले नव्हते.

मी म्हटलं, ‘आत्याबाई, सोडा आता.’ तिनं हात सोडला नाही. विहिरीकडे बघत ती बोलायला लागली, आणि त्या घरात ज्यावर बोलायचं नसतं ते सगळं बोलली.

‘म्या चुलीम्होरं बसले हुते. भाकरी तव्यावर हुती. हिरीकडनं हाक आली, आय म्हनून. भर दुपार. माझ्या सासूनं पहिल्या दिसापासनं बजावलं हुतं, भर दुपारी हाक आली तर ओ द्यायची न्हाई. मानूस आसंल तर तीनदा हाक मारतंय. त्या आसरा दोनदाच मारत्यात, आन् ओ दिली का घरातलं मानूस नेत्यात. म्हनून म्या गप बसले. भाकरी उलटली. दुसरी हाक आली, आय गं. म्हनलं, तिसरी यिऊ दे, मंग उठू. भाकरी फुगली, काढली, टोपल्यात टाकली. तिसरी आलीच न्हाई. मला वाटलं, त्याच हुत्या. बरं झालं ओ दिली न्हाई.’ ती थांबली. ‘बरं वाटलं गं मला. हात धुतलं, आन् पानी आनाया गेलेली पोर अजून का आली न्हाई म्हनून बघाया उठले.’

मी तिचा हात धरला. तो थंडगार होता, त्या उन्हात.

‘तवापासनं म्या तिसरीची वाट बघती,’ ती म्हणाली. ‘एकदा आली तर ओ द्यावी.’

‘मग आज कशा आलात?’ मी विचारलं. ‘मी एकदाच हाक मारली.’

‘डोस्कं म्हनलं, थांब, बस. पाय थांबलं न्हाईत.’

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ज्या बाईवर मी तासाभरापूर्वी दात खात होते तिच्या मांडीवर. माझ्या लेकीसाठी मी भांडत होते, आणि ती तिच्या लेकीसाठी तिथं बसत होती, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी मास्तर गळ टाकून गाडी काढतो म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, राहू दे. आम्ही दोघींनी त्यांना एवढंच सांगितलं की ओंडा सरकला. बाकीचं त्यांना मरेपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डोक्यावर पाटीनं मुरूम वाहायला लागले. दुपार झाली. मी पाटी खाली ठेवली आणि बाजूला झाले, त्यांना बसायला. आत्याबाई आल्या, पण बसल्या नाहीत. कठडा ढासळला होता तिथं जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. शेवग्याचं पान हलत नव्हतं, रस्त्यावरून एक गाडी जात नव्हती. खाली वाकून, शेजारच्या खोलीतल्या माणसाला उत्तर द्यावं तशा, मोठ्यानं नाही, त्या म्हणाल्या,

‘ओ. आले गं बाई.’

आणि तशाच उभ्या राहिल्या. मीही उभी होते. खालून काही आलं असतं तर मला ऐकू आलं असतं, इतकं शांत होतं. सावली पायाखालून सरकली. मग त्यांनी डोळे पुसले, माझी भरलेली पाटी उचलायला हात लावला आणि म्हणाल्या, ‘टाक आता.’